एकेचाळीस विजयांचे वर्ष

हिरोशिमा कार्प हा व्यावसायिक बेसबॉल संघ पहिल्या हंगामात, म्हणजे १९५० साली, १३८ सामने खेळला. त्यांतले ४१ जिंकले, ९६ हरले आणि एक बरोबरीत सुटला. आठ संघांच्या सेंट्रल लीगमध्ये त्याचा क्रमांक आठवा लागला. पहिल्या क्रमांकाच्या शोचिकू रॉबिन्सने ९८ सामने जिंकले होते आणि केवळ ३५ गमावले होते. लीगच्या हिशेबाप्रमाणे कार्प त्यांच्या ५९ सामने मागे होता.

पंचाहत्तर वर्षांची वाटचाल सांगताना असे वर्ष दोन ओळींत उरकून १९७५च्या विजेतेपदाकडे जाणे सोपे आहे. या लेखात मात्र बहुतेक जागा मी त्या एका वर्षाला आणि त्याच्या मागोमाग आलेल्या दोन वर्षांना देणार आहे. कार्प ही संस्था म्हणून घडली ती याच तीन वर्षांत, तळाशी असताना आणि खिशात पैसा नसताना. पुढचे विजय याच काळाने दिलेल्या पायावर उभे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला आणि वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. तिसऱ्याच दिवशी ट्रामचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला होता. पण घरे, पूल, शाळा, बाजार उभे राहायला वर्षे लागणार होती. बरोबर चार वर्षांनी, ६ ऑगस्ट १९४९ रोजी, हिरोशिमाला शांतता स्मारक नगर म्हणून पुन्हा उभारण्याचा खास कायदा लागू झाला. शहर अजून लाकडी झोपड्यांत राहत होते. त्याच वर्षाच्या शेवटी शहराने आपला स्वतःचा बेसबॉल संघ काढायचे ठरवले.

याला निमित्त बाहेरून मिळाले. तोवर जपानमध्ये आठ संघांची एकच व्यावसायिक लीग होती. १९४९च्या नोव्हेंबरमध्ये ती फुटली, सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग झाल्या आणि संघांची संख्या एकदम पंधरावर गेली. नव्या संघांना जागा होती. मात्र ज्या संघांबरोबर खेळायचे होते, त्यांच्या पाठीशी कोण होते ते पाहिले की कार्पचे वेगळेपण कळते. जायंट्समागे योमिउरी वृत्तपत्र होते, ड्रॅगन्समागे चुनिची वृत्तपत्र. ओसाका टायगर्स हानशिन रेल्वे कंपनीचा, स्वॅलोज सरकारी राष्ट्रीय रेल्वेचा. होएल्स हा ताइयो मासेमारी कंपनीचा संघ, पायरेट्स निशि-निप्पोन वृत्तपत्राचा, आणि रॉबिन्सवर चित्रपट-नाट्यव्यवसायातल्या शोचिकू कंपनीचे नाव. कार्पच्या पाठीशी अशी कोणतीही कंपनी नव्हती. हिरोशिमा प्रांत आणि हिरोशिमा, कुरे, फुकुयामा, ओनोमिची, मियोशी अशा गावांच्या नगरपालिका यांनी भांडवल घालायचे आणि उरलेले लोकांनी समभाग घेऊन उभे करायचे, अशी योजना होती. आपल्याकडे गावची शाळा किंवा वाचनालय लोकवर्गणीतून उभे राहते, तसे इथे व्यावसायिक संघाचे चालले होते. कागदावर योजना चांगली होती. पण नगरपालिकांना आधी रस्ते आणि नळ दुरुस्त करायचे होते, आणि समभाग घेण्याइतकी शिल्लक लोकांच्या घरांत नव्हती.

नाव सुचवले ते स्थानिक राजकारणी नोबोरु तानिगावा यांनी. कार्प म्हणजे ओता नदीत मिळणारा मासा. हिरोशिमाच्या बाँबने उद्ध्वस्त झालेल्या किल्ल्यालाही जुन्या काळापासून याच माशाचे नाव होते. प्रवाहाविरुद्ध पोहत धबधबा चढणारा मासा अशी त्याची तिकडे ख्याती आहे.

संघ काढण्याची हिंमत मात्र केवळ नावातून आली नव्हती. हिरोशिमा हा बेसबॉलचा जुना मुलूख. हिरोशिमा शोग्यो आणि कोर्‍यो या दोन शाळांची स्पर्धा सगळ्या जपानला ठाऊक होती. कोशिएनच्या शालेय राष्ट्रीय स्पर्धेत इथल्या पोरांनी युद्धाआधीच विजेतेपदे आणली होती. या मुलखातले उत्तम खेळाडू मोठे झाले की ओसाका-टोकियोला जात. टायगर्सचा फुमिओ फुजिमुरा आणि नानकाइ संघाचा काझुतो त्सुरुओका हे दोघेही याच प्रांतातल्या कुरे गावचे. गाव खेळाडू देत होते, टाळ्या दुसऱ्या शहरांत पडत होत्या. आपल्या मुलांनी आपल्या मैदानावर खेळावे ही इच्छा त्यामुळे नवी नव्हती. युद्धानंतर ती बोलून दाखवण्याचे धैर्य आले.

इशिमोतो आणि त्यांचा संघ

पहिले व्यवस्थापक शुइची इशिमोतो. बेसबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे कार्यालयात बसणारा अधिकारी नव्हे. संघ निवडणारा, डाव आखणारा आणि सामना चालवणारा तोच असतो. इशिमोतो हिरोशिमाचेच, वय ५२. हिरोशिमा शोग्योला त्यांनी चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. खेळाडूंचे मन कणखर व्हावे म्हणून उघड्या तलवारीच्या पात्यावर त्यांना अनवाणी उभे करणारे गुरू, अशी त्यांची कीर्ती होती. मधल्या काळात ते वृत्तपत्राचे वार्ताहर होते. पुढे ओसाका टायगर्सचे व्यवस्थापक झाले आणि १९३७ची शरद व १९३८ची वसंत स्पर्धा त्यांनी लागोपाठ जिंकल्या. थोडक्यात, जिंकणे म्हणजे काय हे त्यांना पुरते माहीत होते. अशा माणसाने उतारवयाच्या उंबरठ्यावर हरणार हे दिसत असलेला संघ हाती घेतला, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या चषकांपेक्षा मोठी वाटते.

त्यांच्याकडे खेळाडू नव्हते. दोन लीग झाल्यामुळे चांगल्या खेळाडूंसाठी कंपन्यांची ओढाताण चालू होती आणि करारासाठी मोठमोठ्या रकमा मोजल्या जात होत्या. कार्पला ते शक्य नव्हते. इशिमोतोंनी ओळखीपाळखी वापरल्या, जुन्या शिष्यांना साद घातली, चाचण्या घेतल्या. दुसऱ्या संघांनी सोडून दिलेले, वय झालेले, कंपन्यांच्या हौशी संघांत खेळणारे, शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले असे खेळाडू त्यांनी गोळा केले. त्यांत एकच नाव देशभर माहीत असलेले होते, ते जायंट्सचा शॉर्टस्टॉप कात्सुमी शिराइशी याचे. तो हिरोशिमाचा, कोर्‍यो शाळेचा. जायंट्ससारखा श्रीमंत आणि लोकप्रिय संघ सोडून तो गावी आला. १५ जानेवारी १९५० रोजी जुन्या लष्करी कवायतीच्या मोकळ्या मैदानावर संघ लोकांसमोर आला आणि त्याला पाहायला हजारो माणसे लोटली. एकही सामना झालेला नव्हता.

पहिला सामना १० मार्च रोजी फुकुओकात पायरेट्सविरुद्ध झाला आणि कार्प हरला. पहिला विजयही त्याच महिन्यात स्वॅलोजविरुद्ध आला. त्यानंतर मात्र हार पाठ सोडीना. वर्षअखेर स्वॅलोजचे ४२ विजय झाले आणि कार्पचे ४१. तळाची जागा ठरली ती एवढ्याशा फरकाने.

हरण्याची कारणे मैदानावर होतीच. गोलंदाजी करणारे पिचर कमी होते, आणि अंगात जोर असलेले फलंदाज त्याहून कमी. पण खरे कारण मैदानाबाहेर होते. त्या वेळी तिकिटांचे उत्पन्न यजमान संघाला मिळत नसे. सामना कुठेही होवो, जिंकणाऱ्याला मोठा वाटा आणि हरणाऱ्याला लहान वाटा, अशी पद्धत होती. म्हणजे जो हरतो त्याच्याकडे पैसा कमी, पैसा कमी म्हणून खेळाडू साधे, आणि खेळाडू साधे म्हणून पुन्हा हार. मागे कंपनी असलेल्या संघाला ती तूट भरून देई. कार्पची तूट भरणारे कोणी नव्हते. भरीला, कार्प जिथे खेळे त्या कानोन भागातल्या सोगो ग्राउंडवर विजेचे दिवे नव्हते. सामने दुपारी होत, आणि कामाला गेलेला माणूस तिकीट काढून येणार कसा? प्रेक्षक संघावर जीव टाकत होते तरी तिजोरी भरत नव्हती. हा चक्रव्यूह समजल्याशिवाय ९६ या आकड्याचा अर्थ लागत नाही.

या हंगामातला एक खेळाडू मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. र्‍योहेइ हासेगावा हा आइची प्रांतातल्या हांदा गावचा मुलगा, हिरोशिमाशी नाते काही नाही. हंगाम सुरू झाला त्या मार्चमध्ये त्याने विसावे वर्ष पूर्ण केले. उंची जेमतेम १६७ सेंटिमीटर. हात खांद्याच्या खालून आडवा फिरवून तो चेंडू टाकी आणि तो चेंडू फलंदाजाजवळ येता येता आत वळे किंवा खाली बसे. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याची जीत आणि हार दोन्ही संघांतल्या एकेका पिचरच्या नावावर मांडतात. पहिल्या वर्षी हासेगावाच्या नावावर १५ विजय आणि २७ पराभव लागले. संघाच्या ४१ विजयांपैकी एक तृतीयांशाहून अधिक या एका पोराचे होते. २७ पराभवांकडे पाहून कोणी नाक मुरडू नये. ज्याच्यावर भरवसा नाही अशा पिचरला २७ सामने हरण्याइतकी संधी कोणताही व्यवस्थापक देत नाही. खांदा दुखत असला, तीन दिवसांपूर्वीच पूर्ण सामना टाकलेला असला, तरी सामना वाचवायचा असेल तर बोलावणे हासेगावालाच येई. पुढे १९५५ साली त्याने एका हंगामात ३० सामने जिंकले. कार्पसाठीच खेळून तो निवृत्त झाला तेव्हा त्याची एकूण जमा १९७ विजय आणि २०८ पराभव अशी होती. मागे सामर्थ्यवान संघ असता तर हे आकडे किती वेगळे दिसले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

दारातले पिंप

१९५० संपता संपता पगार थकू लागले. खेळाडू तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गावोगाव फिरत होते, मिळेल तिथे पथारी टाकत होते आणि तरी खेळत होते. १९५१च्या मार्चमध्ये, नवा हंगाम तोंडावर आलेला असताना, संचालकांपुढे दोनच वाटा उरल्या. एक तर संघ गुंडाळायचा, नाहीतर शेजारच्या शिमोनोसेकीच्या ताइयो होएल्समध्ये विलीन करायचा. विलीनीकरणाकडे बैठकीचा कल झाला आणि ही बातमी रेडिओवरून शहरभर गेली.

संचालकांना अपेक्षित नव्हते ते पुढे घडले. इशिमोतोंनी विलीनीकरणाला साफ विरोध केला आणि लोकांकडे जायचे ठरवले. चुगोकू शिंबुन या स्थानिक वृत्तपत्रातून त्यांनी आवाहन केले. मग ते सभांतून बोलू लागले, कारखान्यांत, कचेऱ्यांत, गावागावांत. ‘समर्थक संघ काढा, महिन्याला थोडी वर्गणी द्या, आम्ही खेळत राहू,’ एवढेच त्यांचे मागणे होते. मैदानावर डाव आखायचा आणि सामना संपला की वर्गणीसाठी हिंडायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला. खेळाडूही मागे राहिले नाहीत. सामन्यानंतर समर्थकांच्या मेळाव्यात जाऊन ते गाणी म्हणत, लोकांशी बोलत, वर्गणी गोळा करत.

मैदानाच्या दाराशी साकेचे मोठे लाकडी पिंप ठेवले गेले. आत जाणाऱ्याने जमेल ते त्यात टाकायचे. त्यात पडणारी नाणी आणि चुरगळलेल्या नोटा मोठ्या रकमांच्या नव्हत्या. टाकणारी माणसे तर स्वतःच घर बांधत होती, औषधाला पैसे जमवत होती, हरवलेल्यांची नावे अजून शोधत होती. अशा शहरातल्या माणसाने शेवटून पहिल्या आलेल्या संघासाठी पिंपात नाणे टाकणे म्हणजे काय, हे शब्दांत पकडणे कठीण आहे. शहरातले जे काही डोळ्यांसमोर रोज नव्याने उभे राहत होते, त्यांपैकी ‘हे माझे आहे’ असे त्याला म्हणता येईल अशी ही एक गोष्ट होती, एवढे मला कळते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे. पिंपाने संघ श्रीमंत झाला नाही, संघ मेला नाही एवढेच त्याने केले. थकलेले पगार त्यामुळे एका रात्रीत फिटले नाहीत. या काळाचा गौरव करताना त्याची किंमत खेळाडूंनी आणि त्यांच्या घरच्यांनी मोजली, हे झाकून ठेवणे अन्यायाचे होईल.

१९५१मध्येही कार्प शेवटचाच आला, ३२ विजय आणि ६४ पराभव. पायरेट्स आता दुसऱ्या संघात विरून गेले होते, त्यामुळे लीगमध्ये सातच संघ उरले होते. सात ही गैरसोयीची संख्या. एक संघ नेहमी बसून राहणार. म्हणून १९५२च्या हंगामाआधी लीगने नियम केला: ज्याच्या विजयांचे प्रमाण तीस टक्क्यांखाली जाईल, त्या तळाच्या संघाचे अस्तित्व संपवण्याचा विचार होईल. पहिल्या हंगामात कार्पचे प्रमाण होते २९.९ टक्के. हा नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केला होता, ते सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी कार्पने ३७ सामने जिंकले आणि ८० गमावले. प्रमाण ३१.६. संघ सहावा आला. सातवा आला शोचिकू रॉबिन्स: ३४ विजय, ८४ पराभव, प्रमाण २८.८. हाच तो संघ, ज्याने दोनच वर्षांपूर्वी ९८ सामने जिंकून पहिले सेंट्रल लीग विजेतेपद घेतले होते. त्याच संघाच्या माकोतो कोझुरुने त्या वर्षी ५१ होमरन मारले होते, जपानमध्ये पन्नाशी ओलांडणारा तो पहिला. त्याच संघाच्या जुझो सानादाने एका हंगामात ३९ सामने जिंकले होते. कार्पसाठी तयार केलेल्या नियमात विजेते अडकले. १९५३मध्ये ते ताइयो होएल्समध्ये विलीन झाले. ज्या घरात दोन वर्षांपूर्वी कार्पला ढकलायचे चालले होते, ते हेच.

या कथेचा पुढचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. त्या गोंधळातून कोझुरु आणि चपळ धावपटू जिरो कानायामा हे रॉबिन्सचे दोन तारे बाहेर पडले आणि कार्पकडे आले. त्यांना आणण्यासाठी पुन्हा लोकवर्गणी झाली, पुन्हा पिंपे भरली. १९५० साली ज्यांच्या मागे ५९ सामने राहिलो, त्यांचाच सर्वांत मोठा फलंदाज तीन वर्षांनी हिरोशिमाच्या गणवेशात उभा होता. १९५३मध्ये संघ चौथा आला. इशिमोतो त्याच वर्षी बाजूला झाले आणि व्यवस्थापकपद शिराइशीकडे गेले.

पुढची वाटचाल

त्यानंतरचे सांगायला एवढी जागा लागत नाही. १९५५च्या अखेरीस कर्जात रुतलेली जुनी कंपनी मोडून स्थानिक उद्योगांच्या आधाराने नवी कंपनी उभी राहिली. १९५२पासून प्रत्येक संघाचे आपल्या शहरातले मैदान हक्काचे मानण्याची पद्धत आली होती, पण संध्याकाळचे सामने नसल्यामुळे तिचा पुरता लाभ होत नव्हता. १९५७च्या जुलैमध्ये स्थानिक उद्योजकांच्या देणगीतून अणुबाँबच्या घुमटासमोर, ट्रामच्या रस्त्यापलीकडे, नागरिकांचे नवे मैदान बांधले गेले आणि तिथे दिव्यांच्या उजेडात खेळ सुरू झाला. हरलेल्यांपेक्षा जिंकलेले सामने जास्त, असा पहिला हंगाम १९६० साली आला: ६२ विजय, ६१ पराभव. पहिल्या तिघांत यायला १९६८ उजाडले.

त्याच वर्षी तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा मोटार कंपनी, संघाची मुख्य आधारस्तंभ झाली आणि नाव झाले हिरोशिमा तोयो कार्प. संघाच्या नावात कंपनी आली, पण शहराचे नाव हटले नाही. कंपन्यांच्या नावांनी संघ ओळखले जाण्याच्या त्या काळात हे सहज घडलेले नाही. पिंपात नाणी टाकणाऱ्यांनी या संघावर जो हक्क मिळवला होता, तो ओलांडणे कोणत्याही मालकाला शक्य नव्हते, असे मी समजतो.

१५ ऑक्टोबर १९७५ रोजी टोकियोत जायंट्सला हरवून कार्पने पहिले लीग विजेतेपद निश्चित केले. व्यवस्थापक ताकेशी कोबा. कोजी यामामोतो आणि साचिओ किनुगासा त्या संघात होते, आणि डोक्यांवरच्या लाल टोप्या त्याच वर्षी आल्या होत्या. पहिल्या हंगामाला पंचवीस वर्षे झाली होती. त्यानंतर १९७९, १९८० आणि १९८४मध्ये संघ जपानचा अजिंक्य ठरला, आणि २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षे लागोपाठ लीग जिंकली. नव्या शतकात नवे मैदान बांधायची वेळ आली तेव्हा शहरात पुन्हा पिंपे ठेवली गेली. २००९मध्ये ते मैदान, म्हणजे आजचे माझदा मैदान, खुले झाले.

इशिमोतोंना १९७२मध्ये, शिराइशीला १९८५मध्ये आणि हासेगावाला २००१मध्ये जपानी बेसबॉलच्या सन्मान दालनात स्थान मिळाले. ४१ विजयांच्या त्या संघातली तीन माणसे तिथे आहेत, ही नोंद संघाच्या प्रत्येक इतिहासात ठळक असायला हवी.

हिरोशिमाला जाणारे मराठी प्रवासी शांतता उद्यान आणि घुमट पाहतात आणि पुढच्या गाडीने परततात. वसंत ते शरद या काळात गेलात तर एक संध्याकाळ माझदा मैदानावर घालवा, आणि हाताशी वेळ असेल तर कानोनकडेही जा. १९५०चे सामने कार्प जिथे खेळला, ते सोगो ग्राउंड आजही तिथे आहे.